जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : उत्साह मावळतो कोठे, परततो कसा?

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या वाहनतळात धुऊन पुसून ठेवलेल्या गाड्यांवर झेंडूच्या माळा चढतात. त्याच रांगेच्या टोकाला, भिंतीलगत, ताडपत्रीखाली आणखी एक गाडी असते. तिला चाके नसतात. विटांच्या थरांवर ती तोललेली असते. मालक ताडपत्रीचे टोक उचलून तिच्या उघड्या पत्र्यावरही एक माळ ठेवतो. 'पुढच्या दसऱ्याला नक्की रस्त्यावर,' असे त्याने गेल्या दसऱ्यालाही सांगितलेले असते. मुंबई असो, पुणे असो वा कोल्हापूर, जुन्या मोटारींची हौस जेथे जेथे आहे तेथे हे दृश्य अनोळखी नाही.

ताडपत्रीखालची ही गाडी बहुधा फियाट असते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही मोटार १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आली, पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि त्यानंतर 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर हाताने टाकायचा गिअर, मागच्या चाकांना पाट्यांची स्प्रिंग अशी तिची साधी रचना. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. घरोघरच्या खासगी फियाट मात्र उरल्या. त्यांत वडिलांनी हप्ते फेडून घेतलेली गाडी असते, आजोळी जाण्याचे प्रवास असतात, मागच्या आसनावर झोपलेले बालपण असते. अशी गाडी पुन्हा उभी करावी, असे चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला वाटले तर नवल नाही.

नवल आहे ते पुढच्या टप्प्याचे. आरंभशूर पुष्कळ आणि काम तडीस नेणारे थोडे, ही तक्रार या क्षेत्रातले मेकॅनिक सर्रास करतात. ती केवळ विनोदाने घेण्यासारखी नाही. बंद पडलेली पण अखंड असलेली गाडी वीस वर्षांनंतरही कोणी जाणकार चालू करू शकतो. सुटी केलेली गाडी मात्र फक्त तिला सुटी करणाऱ्यालाच पुरती ठाऊक असते. कोणता बोल्ट कोठला, कोणती वायर कोठून कोठे गेली होती, हे त्याच्याच डोक्यात राहते. त्याचा उत्साह संपला की उघड्या पत्र्यावर प्रत्येक पावसाळ्यात गंज चढतो, खोक्यातले भाग घर बदलताना हरवतात, वायरिंग उंदीर कुरतडतात आणि शेवटी भंगारवाला वजनावर भाव लावतो. म्हणजे ज्याला गाडीविषयी ममत्व नव्हते त्याने ती नुसती उभी ठेवून जेवढे नुकसान केले नसते, त्याहून अधिक नुकसान ममत्व असलेल्याच्या हातून होते.

पुट्टीखालचे सत्य

गाडी सुटी करण्याचे काम आश्चर्यकारक वेगाने होते. तीन-चार रविवारांत आसने, काचा, दरवाजे, बोनेट निघतात. दर आठवड्याला दृश्य बदलते, छायाचित्रे काढली जातात, मित्र पाहायला येतात. खरा घोटाळा होतो तो जुना रंग आणि पुट्टी खरवडायला घेतल्यावर. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दाराच्या खालच्या कडेला पुट्टीच उरलेली असते, पत्रा केव्हाच विरलेला असतो. पायांखालच्या रबरी चटईत पाणी मुरून तळाला भोके पडलेली असतात. त्यावर पूर्वी कोणी तरी पत्र्याचे ठिगळ मारलेले असते आणि त्या ठिगळावर दुसरे. समुद्राकाठच्या हवेत वाढलेल्या गाड्यांची अवस्था तर विचारू नये.

येथे या गाडीची रचनाही आड येते. तिला जीप किंवा ट्रकप्रमाणे वेगळी लोखंडी चौकट नाही. तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छप्पर हे सारे मिळूनच गाडीचे वजन पेलतात. त्यामुळे गंजलेला उंबरा कापण्याआधी दाराच्या पोकळीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून आकार बांधून ठेवावा लागतो. ही काळजी न घेता उंबरा कापला तर सांगाडा किंचित खचतो आणि नंतर दरवाजा काही केल्या बसत नाही. दोन आठवड्यांचे म्हणून हाती घेतलेले पत्र्याचे काम दोन पावसाळे खाते ते असे. या काळात पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. सहा रविवार खपून तळाला नवा पत्रा बसतो आणि तो पुन्हा काळ्या लेपाखाली झाकला जातो. पैसा मात्र सर्वाधिक याच काळात जातो. घरातल्या मंडळींचे मत या बाबतीत आधी विचारलेले नसतेच. ते याच सुमारास न विचारता मिळू लागते.

उत्साहाची ओहोटी नेमकी येथे लागावी, यामागे कारण आहे. ध्येय जवळ आले की प्रयत्नांचा वेग वाढतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून मांडले होते. खाऊ जवळ आला की उंदीर अधिक वेगाने धावत. पुढे २०११ मध्ये आंद्रेआ बोनेझी, मिगेल ब्रेंडल आणि मात्तेओ दे आंजेलिस या संशोधकांनी मध्यावर काय होते, याकडे लक्ष वेधले. आरंभी माणूस आपली प्रगती सुरुवातीपासून मोजतो. शून्यापासून दोन पावले ही मोठी वाटतात. शेवटाकडे तो उरलेले अंतर मोजतो आणि तेथेही प्रत्येक पाऊल मोठे वाटते. मध्यावर मात्र दोन्ही टोके सारखीच दूर असतात. एका पावलाने काही फरक पडला असे वाटतच नाही आणि म्हणून जोर ओसरतो. जीर्णोद्धाराच्या कामात नेमका हा मधलाच टप्पा सर्वांत लांब, खर्चिक आणि अदृश्य असतो. गाडीवरचे प्रेम आटले, अशी समजूत मालक करून घेतो. प्रत्यक्षात आटलेले असते ते प्रगतीचे दर्शन.

त्यात भर पडते ती चुकलेल्या अंदाजाची. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी तो केव्हा पूर्ण होईल, असे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. सारे काही बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर उत्तर आले ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज अपुरा ठरला. माणूस आपल्या योजनेकडे पाहून हिशेब करतो, तसेच काम आधी केलेल्या इतरांना किती वेळ लागला हे पाहत नाही. दसऱ्याचा मुहूर्त चुकतो तो बहुतेक वेळा आळसामुळे नव्हे, तर तो मुहूर्त मुळातच पोकळ हिशेबावर धरलेला असतो म्हणून. चुकलेल्या प्रत्येक मुहूर्तानंतर ताडपत्री उचलणे मात्र अधिकाधिक जड होत जाते.

टेबलावर मावणारे काम

ज्यांची गाडी पुन्हा मार्गी लागते, त्यांनी काही मोठा निश्चय केलेला असतो असे नाही. बहुधा घडते ते फार किरकोळ असते. कोणी पावसाळ्यात कार्ब्युरेटर घरी आणतो, वर्तमानपत्र पसरून तो सुटा करतो, जेट साफ करतो, नवे गॅस्केट घालून पुन्हा जोडतो. कोणी स्पीडोमीटरची तबकडी पुसून काच बदलतो. संपूर्ण गाडीच्या दृष्टीने हे काम नगण्य असते. पण ते सुरू होऊन संपते. हातात एक पूर्ण झालेली वस्तू असते. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील २३८ जणांच्या सुमारे १२ हजार दैनंदिन नोंदी तपासून २०११ मध्ये हाच निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडला होता : अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामात थोडी जरी प्रगती झाली, तरी त्या दिवशीची उमेद वाढते. अडथळ्याचा परिणाम मात्र प्रगतीच्या परिणामाहून तीव्र असतो, हेही त्यांना आढळले. उमेद आधी आणि काम नंतर हा आपला समज असतो. येथे क्रम उलटा दिसतो.

अनुभवी मेकॅनिक याच कारणाने इंजिनचे काम पत्र्याच्या कामामागे रखडवत नाहीत. बोअरिंग करून, नव्या रिंगा घालून इंजिन लोखंडी घोडीवर बांधतात, बाटलीतून पेट्रोल देतात आणि चालू करून दाखवतात. गाडी अजून विटांवर असली तरी तो आवाज ऐकलेला मालक पुढचे सहा महिने पत्र्याचा खर्च सोसतो. यात व्यावसायिक चातुर्य आहे हे खरे. पण ते मालकाच्याही हिताचे आहे.

मध्यावर पोहोचल्यानंतर एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. गाडी करायची आहे ती कशासाठी? प्रदर्शनात मांडण्यासाठी की रविवारी सहकुटुंब फिरण्यासाठी? प्रत्येक बोल्ट मूळचाच हवा, या हट्टापायी थांबलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. टॅक्सींमुळे इंजिन, गिअर, ब्रेकचे भाग दीर्घकाळ बाजारात राहिले; पण सुरुवातीच्या 'डिलाइट'ची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, नावाची अक्षरे यांचा शोध कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार, चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालूनही अपुरा राहू शकतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या खासगी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला मुलांना घेऊन लोणावळ्यापर्यंत जायचे आहे, त्याने या मार्गाला लागण्यात अर्थ नाही. त्याला नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. सुटी गाडी तपासणीला नेता येत नाही, हेही अनेकांना मुदत उलटल्यावरच आठवते. उद्दिष्ट ठरले की निम्मे निर्णय आपोआप निकाली निघतात आणि जाळी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही.

हरवलेल्या भागापुढे हात टेकायचे की नाहीत, याचे एक टोकाचे उदाहरण मोटारींच्या नव्हे, रेल्वेच्या जगात आहे. वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम बंधूंच्या भंगार आगारात ब्रिटिश रेल्वेची २९७ वाफेची इंजिने आली होती. हौशी मंडळींनी वर्गण्या काढून त्यांतील २१३ वाचवली. त्यांपैकी 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर' हे १९५४ मध्ये बांधलेले, आपल्या जातीचे एकमेव इंजिन. अवघ्या आठ वर्षांत, १९६२ मध्ये ते सेवेतून काढले गेले. त्याचा सिलिंडर लंडनच्या विज्ञान संग्रहालयासाठी काढून घेण्यात आला आणि उरलेला सांगाडा बॅरीला गेला. सिलिंडर व झडपांची यंत्रणाच नसलेले हे इंजिन दुरुस्तीपलीकडचे मानले जात होते. १९७४ मध्ये ते विकत घेणाऱ्या गटाने हे भाग नव्याने घडवले आणि १९८६ मध्ये इंजिन पुन्हा वाफेवर चालले. या बारा वर्षांत मूळ आराखडे आणि प्रत्यक्ष इंजिन ताडून पाहताना एक विलक्षण गोष्ट उघड झाली. भट्टीला हवा पुरवणाऱ्या राखपेटीच्या झडपा कारखान्यातच आराखड्यापेक्षा लहान बनवल्या गेल्या होत्या. धुरांड्याच्या मापातही दोष होता. सेवेत असताना हे इंजिन कोळसा खाते आणि वाफ धरत नाही, अशी चालकांची तक्रार होती, तिचे मूळ सापडले. दोष दुरुस्त झाल्यावर ते पूर्वी कधी चालले नव्हते इतके उत्तम चालले. रखडत चाललेल्या कामानेच ही संधी दिली. बॅरीतून वाचलेल्या इंजिनांपैकी काही मात्र इतक्या दशकांनंतरही पुन्हा धावलेली नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काही वेळा उमेद परत येत नाही. नोकरी बदलते, आजारपण येते, सोसायटीची जागा रिकामी करण्याची नोटीस येते. अशा वेळी गाडी दुसऱ्याच्या हाती देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण देण्याची रीत महत्त्वाची आहे. दिवे एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला असे भाग विकले तर पैसे कदाचित अधिक मिळतात आणि गाडी मात्र कायमची संपते. जाणकार हौशी यासाठी पहिल्याच रविवारपासून एक सवय पाळतात. दाराचे बोल्ट एका डब्यात, डिकीचे दुसऱ्यात, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि वायर काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र. चिठ्ठीवर काय सुटे केले, कोणत्या तारखेला, कोणता भाग लेथवर दिला आहे आणि कोठे, एवढे लिहिलेले असते. दोन वर्षांच्या खंडानंतर मालक स्वतःच ताडपत्री उचलतो, तेव्हा याच डब्यांवरून तो काम पुन्हा हाती घेऊ शकतो. आणि गाडी विकायचीच ठरली, तर नोंदणीपत्र व किल्ल्यांबरोबर हे डबेही नव्या मालकाच्या टेम्पोत चढतात.