पाणी अडवणारा जो आणि आपला राहुल्या

'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मधला (2015) इमॉर्टन जो कड्यावरून पाणी सोडतो, खाली भांडी घेऊन झुंबड उडते आणि तेवढ्यात धार बंद! मावळातल्या प्रेक्षकाला हे परक्या ग्रहावरचं वाटत नाही. तिथल्याच पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ आंदोलन पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला.

अशा जगात गुळगुळीत सज्जन नायक पचत नाही. मॅक्सला आधी फक्त स्वतःचा जीव वाचवायचाय. शेवटी जोविरुद्ध बंड करणाऱ्या फ्युरिओसाला रक्त देताना कुठे तो आपलं नाव सांगतो.

मराठीत भविष्यातला असा मॅक्स नसेल, पण शेजारच्या मुळशीचा राहुल्या आहे. प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये (2018) जमीन विकून बसलेल्या बापाचा हा पोरगा गुंड होतो. ओम भूतकरने तो असा रंगवलाय, की धडकीही भरते आणि कीवही येते. त्याच्या हिंदी रिमेकला, 'अंतिम'ला (2021), ती धग काही जमली नाही.