ग्रिलवरचा बटाटा: फॉइल नकोच!

अमेरिकेत अंगणातल्या ग्रिलवर अख्खा बटाटा भाजायचा म्हटलं की हात आधी फॉइलकडे जातो. माझ्या मते ती नकोच. बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं. फॉइलमध्ये त्याची वाफ कोंडते आणि बटाटा भाजण्याऐवजी उकडतो. साल ओलसर राहते, गर चिकट होतो. उघड्या बटाट्यातली वाफ निघून जाते, साल कुरकुरीत होते आणि रसेटसारख्या पिठूळ जातीचा गर मस्त भुसभुशीत फुलतो.

‘फॉइलशिवाय साल करपेल’ हा आक्षेप थेट आचेपुरता खरा आहे. म्हणून निखारे एका बाजूला, बटाटे दुसऱ्या बाजूला आणि वर झाकण. काट्याने टोचून, तेल-मीठ चोळून 200 अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण तासभर भाजा. आतलं तापमान 96 ते 99 अंश झालं की तयार. ‘फॉइलमध्ये गरम राहतो’ असंही म्हणतात, पण धोका तिथेच आहे. बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत. फॉइलमधला बटाटा तासन्‌तास बाहेर राहिला, तर हवा नसलेल्या त्या ओलाव्यात ते विष तयार करू शकतात. 1994 साली टेक्सासमधल्या एल पासोत अशाच बटाट्यांपासून केलेल्या डिपमुळे 30 जण आजारी पडले होते. उरलेले बटाटे उघडेच फ्रिजमध्ये ठेवा.