कुत्र्याची खाज थांबत नाही आणि बजेट तर संपलंय... मग सुरुवात कुठून करायची?

रात्रीचे 2 वाजलेत. घरातले सगळे झोपलेत आणि हॉलच्या कोपऱ्यातून आवाज येतोय, खर्र खर्र खर्र. मग गळ्यातल्या पट्ट्याची खुळखुळ. मग पंजा चाटण्याचा चपचप आवाज. पाच मिनिटं शांतता, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ज्यांच्या घरी कातडीचा जुना आजार असलेलं कुत्रं आहे, त्यांना ही रात्र सांगावी लागत नाही. आमच्या चिपळूणच्या घरी मोतीने अशा 11 महिने रात्री काढल्या. पोटावरचे केस गेले, काखा हत्तीच्या कातडीसारख्या काळ्या आणि जाड झाल्या, अंगाला आंबूस वास यायला लागला. पाहुणे आले की आई त्याला मागच्या पडवीत बांधायची. "लूत लागलीय, सोडून द्या कुठेतरी लांब," असं सांगणारेही भेटले.

बाबांना बिलं जपून ठेवायची सवय आहे. 11 महिन्यांनी त्यांनी बेरीज केली, ती 18 हजार 400 रुपये आली. त्यात 6 वेगवेगळे शाम्पू होते, 'अॅलर्जीवालं' खाद्य होतं, दर महिन्या-दीड महिन्याला दिलेलं 'खाजेचं इंजेक्शन' होतं. नेमका आजार कोणता, हे शोधणारी एकही तपासणी त्या बिलांमध्ये नव्हती. ती पहिल्यांदा झाली तेव्हा 300 रुपये लागले.

खर्च कमी करायचा असेल तर सगळा खेळ या क्रमाचा आहे.

खाज एकच, कारणं डझनभर

कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. त्यामुळे आजार कुठलाही असो, बाहेरून चित्र सारखंच दिसतं. केस गळणं, लालसर चट्टे, खपल्या, वास. पण आत काय चाललंय ते पूर्ण वेगळं असू शकतं.

आपण ज्याला सरसकट 'लूत' किंवा 'खरूज' म्हणतो, त्यातच दोन वेगळे आजार आहेत. दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या, आठ पायांच्या माइट नावाच्या किड्यांमुळे होतात. पहिला सारकोप्टिक. हा किडा कातडीत बोगदे करतो, भयंकर खाज सुटते आणि तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पटकन जातो. माणसालाही पुरळ येतं. दुसरा डेमोडेक्स. हा केसांच्या मुळाशी राहतो आणि पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर तो थोडाफार असतोच. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याची संख्या वाढते. हा माणसाला लागत नाही. म्हणजे डेमोडेक्स झालेल्या कुत्र्याला घाबरून घराबाहेर काढण्याचं काहीच कारण नाही.

याशिवाय पिसवांची अॅलर्जी, जिवाणूंचा संसर्ग, मॅलासेझिया नावाची यीस्ट, गजकर्ण, खाण्याची अॅलर्जी, धूळ आणि परागकणांची अॅलर्जी, थायरॉइड. गजकर्णही माणसाला होतं, त्यामुळे घरात लहान मूल असेल आणि त्याच्या हातावर गोल चट्टा दिसला तर कुत्र्याच्या डॉक्टरांना तेही सांगा.

आता यातला सगळ्यात वाईट भाग. यातल्या निम्म्या आजारांवर स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की खाज दोन दिवसांत थांबते. मालक खूश, डॉक्टर खूश, कुत्रं झोपलेलं. पण स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं आणि डेमोडेक्सला तेच हवं असतं. मोतीचं हेच झालं होतं. मूळ त्रास अॅलर्जीचा, त्यावर इंजेक्शनं, इंजेक्शनांमुळे डेमोडेक्स वाढला, त्यावर जिवाणूंचा संसर्ग चढला. एका आजाराचे तीन झाले आणि त्यातल्या दोघांचे पैसे आम्हीच भरले होते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय मागायचं?

दोन तपासण्या. पहिली 'स्किन स्क्रेपिंग'. ब्लेडला तेलाचा थेंब लावून कातडी हलकेच खरवडतात, किंचित रक्त दिसेपर्यंत, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघतात. दुसरी 'सायटॉलॉजी'. चट्ट्यावर काचपट्टी किंवा चिकटपट्टी दाबून तिला रंग देतात, त्यात जिवाणू आणि यीस्ट दिसतात. दोन्ही तपासण्या एकाच भेटीत होतात आणि कुत्र्याच्या कुठल्याही उपचारात याहून स्वस्त काही क्वचितच सापडेल.

एक मेख आहे. सारकोप्टिकचे किडे खरवडलेल्या नमुन्यात बरेचदा सापडतच नाहीत. म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर उपचार करून बघतात. एक साधी खूण घरीही बघता येते. कानाची कड बोटांमध्ये धरून हलकेच चोळली आणि कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला, तर सारकोप्टिकचा संशय वाढतो. खात्री होत नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

उलट, ज्यावर पैसे घालवू नयेत अशी तपासणी म्हणजे खाण्याची अॅलर्जी ओळखणारी रक्ताची टेस्ट. ती भरवशाची नाही. हवेतल्या गोष्टींसाठीची रक्ततपासणीही आजाराचं निदान करत नाही, ती अॅलर्जीची लस बनवायची असेल तेव्हा उपयोगी पडते. हात आखडता असेल तर ही पहिल्या दिवशी करायची टेस्ट नव्हे.

कुठे जायचं? मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, परळला. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत खासगीपेक्षा कमी पैशात तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तालुक्याचा आणि गावचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी चालतो, डॉक्टर बरेचदा गावांत फिरतीवर असतात, त्यामुळे आधी फोन करून मायक्रोस्कोप आहे का ते विचारून मगच रिक्षाचे पैसे खर्च करा.

औषधांत पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात?

डेमोडेक्सचं उदाहरण घेऊ, कारण इथे गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलंय. आधी अमिट्राझच्या पाण्याने आंघोळी किंवा रोज आयव्हरमेक्टिन, तेही कित्येक महिने. आयव्हरमेक्टिन स्वस्त आहे, पण कोली आणि त्याच्या जवळच्या जातींच्या काही कुत्र्यांमध्ये जनुकातल्या एका दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जीव जाऊ शकतो. संकरित कुत्र्यात तो दोष आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. गुरांचं इंजेक्शन आणून अंदाजाने टोचणारे लोक आहेत. नका करू.

आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर या गटातल्या गोळ्या मिळतात. एकीचा असर महिनाभर, फ्लुरालानरचा साधारण 12 आठवडे. गोळीची किंमत ऐकून आधी धक्का बसतो. पण ती एकच गोळी डेमोडेक्स, सारकोप्टिक, गोचीड आणि पिसवा या सगळ्यांवर काम करते, त्यामुळे चार वेगळ्या वस्तूंचा खर्च जातो. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र ती जपून द्यावी लागते, म्हणून तशी हिस्टरी असेल तर आधी सांगा. केस उगवले की उपचार संपला असं समजू नका. महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग कोरी यावी लागतात. आम्ही दुसरं स्क्रेपिंग टाळणार होतो, 300 रुपये वाचवायला. बरं झालं टाळलं नाही, कारण दोन किडे निघाले.

बऱ्याच औषधांतला घटक माणसांच्या औषधातलाच असतो. म्हणून डॉक्टरांना ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा. प्रेडनिसोलोन किंवा सेट्रिझिन जनऔषधी केंद्रात फार स्वस्त मिळतं. डोस मात्र कुत्र्याच्या वजनावर डॉक्टरच ठरवणार. आणि घटक नीट वाचा. सर्दीच्या गोळीत सेट्रिझिनसोबत नाक मोकळं करणारं औषध असेल तर ते कुत्र्याला विषासारखं आहे. आयबुप्रोफेनही घरच्या डब्यातून देऊ नका.

शाम्पू विकत घेताना बाटलीवरची चित्रं सोडा, मागची बाजू वाचा. जिवाणू आणि यीस्टसाठी 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडीन, गरजेनुसार सोबत मायकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोल. एवढंच बघायचं असतं. कडुलिंब, कोरफड, 'हर्बल' वगैरे बाकी वासासाठी. फेस लावून 10 मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. बहुतेक लोक दोन मिनिटांत पाणी ओततात आणि मग शाम्पू बदलतात. (आमचे 6 शाम्पू असेच गेले. त्यातले दोन बहुधा चांगले होते.) डोळ्यांत आणि कानाच्या आत जाऊ देऊ नका. नंतर काखा आणि बोटांमधल्या फटी कोरड्या करा, कोकणातल्या जुलैमध्ये तर पंख्याखाली बसवूनच. वरवरचा संसर्ग बरेचदा एवढ्यानेच आटोक्यात येतो आणि अँटिबायोटिक लागत नाही. लागलंच तर कोर्स मध्येच सोडू नका, कारण पुढच्या वेळी जी गोळी लागेल ती जास्त महाग असते.

मेडिकलमधून मिळणारी गजकर्णाची ट्यूब टाळा. तिच्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं कडबोळं असतं, वर कुत्रं ते चाटतं. आणि जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल हे उपाय अजूनही सांगितले जातात. ऑइलमधली घाण कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जाते, कातडी भाजते. रस्त्यावरच्या कुत्र्यावर दया म्हणूनही ते ओतू नका. टी ट्री ऑइलही कुत्र्यांना विषारी आहे, बाटलीवर कितीही हिरवी पानं असोत.

दूध-पोळीचं काय?

कुत्र्यांमध्ये खाण्याची अॅलर्जी सगळ्यात जास्त आढळते ती बीफ, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची. आता आपल्याकडच्या कुत्र्याचं ताट आठवा. दूध-पोळी आणि रविवारी चिकनचे उरलेले तुकडे.

म्हणून लगेच महागडं खाद्य आणायचं नाही. खाजणाऱ्या कुत्र्यांपैकी थोड्यांनाच ही अॅलर्जी असते. आधी किडे आणि संसर्ग संपवायचे, पिसवा बंद करायच्या. घरातल्या पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा साधारण 5 टक्केच असतात, बाकी अंडी आणि अळ्या गोधडीत नि फटींत. गोधडी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकणं हा फुकटातला उपचार आहे. एवढं करूनही बारा महिने खाज राहिली, तर मग खाण्याचा प्रयोग. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एक मांस किंवा मासा आणि एक पिष्टमय पदार्थ, 8 आठवडे, दुसरं काही नाही. बिस्किटाचा तुकडाही नाही. प्रयोगापुरतं हे चालतं, कायमचं खाद्य ठरवताना डॉक्टरांना विचारून समतोल बघावा लागतो.

मोतीला आम्ही बांगडा आणि बटाटा दिला. खरी अडचण मोती नव्हता, आजी होती. ती त्याला चोरून दुधात बुडवलेलं बिस्किट द्यायची, त्यामुळे पहिला प्रयोग पाचव्या आठवड्यात बाद झाला. दुसऱ्यांदा खाज निम्म्यावर आली. मग मुद्दाम पुन्हा चिकन दिलं, चौथ्या दिवशी पंजे चाटणं सुरू. हा उलटा प्रयोग केल्याशिवाय अॅलर्जी सिद्ध होत नाही.

आणि जे बरं होतच नाही?

मोतीची उरलेली निम्मी खाज हवेतल्या कशाची तरी आहे. ती जाणार नाही. वातावरणाच्या अॅलर्जीवर कायमचा इलाज नाही, ताबा ठेवता येतो. ओक्लासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आणि लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन चांगलं काम करतात, पण दरमहा तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. अशा वेळी डॉक्टरांना आपलं बजेट स्पष्ट आकड्यात सांगणं सगळ्यात उपयोगी ठरतं. "महिन्याला 800 च जमतील" म्हटलं की चांगला डॉक्टर वेगळा आराखडा देतो. निदान झाल्यावर, किडे नाहीत हे बघून, एक दिवसाआड अगदी कमी प्रेडनिसोलोन हाही त्यात बसतो. मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने अचानक बंदही करायचं नाही.

सोडून देणं हा मात्र आराखडा नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपाशी-तहानेलं मरायला प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये, म्हणजे शाम्पूच्या बाटलीहून कमी, ही वेगळीच गोष्ट.

आमच्या घरी आता फ्रिजवर एक वही अडकवलेली आहे. दर रविवारी त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात मोतीच्या पोटाचा आणि पंजांचा फोटो काढायचा आणि खाजेला 0 ते 10 मध्ये मार्क द्यायचे. डॉक्टरांकडे गेलं की "बरंय थोडं" असं सांगण्याऐवजी वही उघडायची. मागच्या सप्टेंबरात 9 होते. पावसाळ्यात अजूनही 5 पर्यंत चढतात, मग आठवड्याला दोन आंघोळी होतात. गेल्या रविवारी बाबांनी 3 लिहिलेत. मी असते तर 4 लिहिले असते.