हिटलर कळला, शाळा राहिली

एनसीईआरटीचं नववीचं इतिहासाचं पुस्तक २००६ साली आलं आणि चेन्नईतल्या सीबीएसई शाळांना नाझीवादावर सबंध प्रकरण मिळालं. तमिळनाडू राज्य मंडळाच्या दहावीतही दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ज्यूंच्या संहाराची माहिती येते. तेव्हा विषयच शिकवत नाहीत, ही तक्रार खोटी. पण त्याच २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं, ओरड झाल्यावर नाव बदललं. तमिळ पडद्यावर तर १९८२ सालीच ‘हिटलर उमानाथ’ येऊन गेला होता. आपल्याकडे हिटलर म्हणजे कडक माणूस, फार तर खलनायक. पाठ्यपुस्तकाने या समजुतीला फारसा धक्का दिलेला दिसत नाही, आणि दोष मजकुरापेक्षा परीक्षेचा अधिक आहे. उदयाची कारणं लिहा, साठ लाखांचा आकडा लिहा, गुण घ्या. मुलांच्या डोक्यात उरतात एक माणूस आणि एक संख्या.

वास्तविक त्या प्रकरणात नाझी जर्मनीतल्या शाळांवर वेगळा भाग आहे, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. एप्रिल १९३३ मध्ये कायदा करून ज्यू शिक्षकांना आणि सरकारी नोकरांना काढायला सुरुवात झाली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व नेलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये उरलीसुरली ज्यू मुलंही सरकारी शाळांतून हाकलली गेली. गॅसच्या कोठड्या यानंतरच्या. हजेरीपटावरची नावं खोडायला हिटलर आला नव्हता. ते कारकुनांनी आणि मुख्याध्यापकांनी केलं. हुकूमशहा कुठल्या पोराने पाहिलेला असतो? हजेरीपट मात्र रोजचा.

वय कोवळं आहे, असा आक्षेप येतो. हजेरीपट समजवायला प्रेतांची छायाचित्रं लागत नाहीत. चेन्नईचा काय संबंध, हा दुसरा. संबंध जुना आहे: १६८८ साली मद्रासची महापालिका झाली तेव्हा तिच्या आल्डरमनांत ज्यू व्यापारीही होते. पण खरा संबंध याद्यांचा. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत जमावांनी मतदार याद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधली. श्रीलंकेतून आलेली तमिळ कुटुंबं तमिळनाडूच्या छावण्यांत अजून राहतात. मग तेच शिकवा की, असं कुणी म्हणेल. जरूर शिकवावं. दोन्ही घटना एका मापाच्या नाहीत, हेही वर्गात स्पष्ट सांगावं. यादी कशी बनते आणि कुणाच्या हाती जाते, हे मात्र दोन्ही शेजारी ठेवल्यावर चांगलं कळतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एक वर्ष उदयाच्या कारणांना सुट्टी द्यावी आणि विचारावं: १९३८ चा तो आदेश शाळेपर्यंत कुणाकुणाच्या सहीने पोचला असेल? परीक्षेत आलं की वर्गात शिकवलं जातंच.