लोकरी वस्त्रांची छुपी वैरीण : कसर

थंडीची चाहूल लागली की ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली घोंगडी, शाली आणि स्वेटर बाहेर निघतात. घडी उलगडताच जागोजागी पडलेली छिद्रे दृष्टीस पडतात आणि ‘कसर लागली’ एवढे म्हणून वस्त्र बाजूला टाकले जाते. हे नुकसान घरापुरतेच मर्यादित नसते. आश्रमशाळेतील लोकरी ब्लँकेटे, शाळेच्या हार्मोनियममधील फेल्ट, सभागृहातील लोकरी गालिचा ही सार्वजनिक मालमत्ताही कसरीच्या भक्ष्यस्थानी पडते. थोडी माहिती आणि नियमितपणा असेल तर हे नुकसान बव्हंशी टाळता येते, आणि तेही विषारी द्रव्यांचा आधार न घेता.

कसर म्हणजे काय?

बोलीभाषेत कपडे व कागद खाणाऱ्या अनेक किड्यांना सरसकट ‘कसर’ म्हटले जाते. तथापि त्यांतील दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. रुपेरी रंगाची, माशासारखी निमुळती व बिनपंखांची चपळ कीड खळ दिलेले सुती कपडे, कागद आणि पुस्तकांच्या बांधणीतील खळ खाते. लोकर खाणारी कीड निराळी. ती एका लहानशा फिकट सोनेरी पतंगाची अळी होय.

हा पतंग पंख मिटून बसला असता जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांब दिसतो. इतर पतंगांप्रमाणे तो दिव्याकडे झेपावत नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात दडून राहतो. विशेष म्हणजे हा पतंग काहीच खात नाही. मादी लोकरीच्या धाग्यांत साधारणतः ४० ते ५० अंडी घालते. उबदार हवेत ती ४ ते १० दिवसांत उबतात आणि बाहेर पडणारी पांढुरकी अळी खाण्यास प्रारंभ करते. परिस्थितीनुसार तिची वाढ दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते किंवा वर्षभराहूनही अधिक काळ चालते. लोकर, केस व पिसे यांतील केराटिन हे प्रथिन बहुतेक प्राण्यांना पचत नाही, या अळीला मात्र ते पचते. रेशमाचेही ती नुकसान करते. शुद्ध सुती कापड ती सहसा खात नाही, परंतु त्यावर घामाचे वा अन्नाचे डाग असल्यास तेही सुरक्षित राहत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उडणारा पतंग मारल्याने काम संपत नाही. घडीत लपलेली अंडी आणि अळ्या यांचा नायनाट हाच खरा उपाय होय.

प्रतिबंधाचे सोपे उपाय

घटस्थापनेपूर्वी घरातील अंथरुणे-पांघरुणे धुऊन उन्हात घालण्याची आपल्याकडील प्रथा या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. पावसाळा संपताच लोकरी वस्त्रे कडक उन्हात पसरावीत, झटकावीत आणि शिवणी, खिसे व घड्यांच्या जागा ब्रशने घासाव्यात. त्यामुळे चिकटलेली अंडी निघून जातात. पैठणीसारखी रेशमी वस्त्रे मात्र थेट उन्हात रंग सोडतात. ती सावलीत वाऱ्यावर ठेवावीत व घडी बदलून स्वच्छ मऊ सुती कापडात गुंडाळावीत.

वापरलेले वस्त्र न धुता कधीही ठेवू नये. घाम व तेलाचे डाग हे अळीचे पोषक अन्न होय. ठेवण्यापूर्वी ट्रंक वा कपाट रिकामे करून त्याच्या फटी स्वच्छ पुसाव्यात आणि वस्त्रे पूर्ण कोरडी करून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी पतंगास दूर ठेवण्यास साहाय्यक ठरते. मात्र आधीच शिरलेल्या अळ्या त्यामुळे मरतील असा भरवसा धरू नये.

लागण झालीच असेल तर वस्त्र पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सियस तापमानाच्या डीप फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवावे. कापडाला सोसत असेल तेथे ५० अंशांवरील उष्णता अर्धा तास देणेही परिणामकारक असते.

डांबरगोळ्यांबाबत सावधगिरी

नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या घट्ट बंद पेटीतच परिणाम करतात. उघड्या कपाटात त्यांचा वास घरभर पसरतो, कसर मात्र तशीच राहते. काहींच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची आनुवंशिक कमतरता असते. देशातील काही आदिवासी समाजांत ती अधिक प्रमाणात आढळते. अशा बालकाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या शालीत वा दुपट्यात गुंडाळल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, प्रसंगी जिवावरही बेतते. गोळी खाऊ समजून मुलांनी गिळण्याचा धोका वेगळाच. युरोपीय संघाने २००८ मध्ये अशा गोळ्यांवर बंदी घातली. म्हणून नवजात बालकाच्या वस्त्रांत, तसेच अंगणवाडी व आश्रमशाळेच्या पांघरुणांत त्या कदापि ठेवू नयेत. पूर्वी घरोघरी सर्रास शिंपडली जाणारी बी.एच.सी. पावडर तर देशात १९९७ पासूनच बंद आहे. जुन्या साठ्यातील अशी भुकटी कोठे उरली असल्यास ती वापरू नये.

वर्षातून दोन दिवस

शाळांमध्ये जडवस्तू संग्रह नोंदवहीप्रमाणे वस्तूंची दरवर्षी पडताळणी होते. त्याच वेळी लोकरी वस्तू उलगडून, झटकून उन्हात घालण्याचा क्रम ठेवल्यास वेगळा खर्च येणार नाही. पावसाळ्यानंतर एक आणि हिवाळा संपताच एक असे दोन दिवस त्यासाठी पुरेसे आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अळीचे जीवनचक्र प्रत्यक्ष दाखवावे आणि पंचायत सदस्यांनी महिला मंडळांतून डांबरगोळ्यांच्या धोक्याची माहिती घरोघर पोहोचवावी. त्यायोगे मोलाचे वस्त्र तर वाचेलच, पण त्याहून मोलाचा असा पाळण्यातील जीवही सुरक्षित राहील.