कापायचं कुठवर?

वरूडकडचा माणूस गालातली न भरणारी जखम घेऊन निघाला की बहुधा नागपूर गाठतो. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून तोंड इतकं आखडलेलं असतं की तीन बोटंही आत जात नाहीत. जखम कर्करोगाची निघाली, तर ऑपरेशनच्या टेबलावर सर्जनपुढे खरा प्रश्न उरतो तो कापायचं कुठवर, हा. काढलेल्या गाठीभोवती सूक्ष्मदर्शकाखाली 5 मिलिमीटर निरोगी पट्टा दिसला, तर कडा सुरक्षित धरतात. पट्टा कमी पडला तर रोग उलटायची भीती. जास्त कापावं तर गिळणं, बोलणं जातं. कापताना मात्र हे अंतर आजही डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपून ठरतं. शंका आली की तुकडा गोठवून तपासायला पॅथॉलॉजिस्टकडे जातो, पण त्याला दिसतो तेवढाच तुकडा.

ध्रुवित प्रकाशाची मदत नेमकी इथे होऊ शकते. साध्या प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना असतात. ध्रुवक काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते. असा प्रकाश गालाच्या अस्तरावर टाकला, तर वरच्या थरातून परतणारे किरण आपली दिशा बरीचशी टिकवतात. खोलवर विखुरलेले ती गमावतात. दोन्हींची वजाबाकी केली की वरचा थर स्पष्ट होतो. त्यातच कोलॅजन या प्रथिनाचे ओळीने लागलेले तंतू ध्रुवण ठरावीक रीतीने बदलतात आणि कर्करोग ती ओळ मोडतो. यात रंगद्रव्य टोचावं लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला मेंदूच्या गाठींवर असे प्रयोग चालू आहेत. तिथे मज्जातंतूंची विस्कटलेली ठेवण गाठीचा पत्ता देते.

तिथलं यंत्र उचलून जसंच्या तसं विदर्भात आणावं, हे मात्र मला पटत नाही. सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचून कडक पट्टे बनतात. हा बदल ध्रुवित प्रकाशालाही दिसतो: अशा अस्तराचा पिक्रोसिरियस रेडने रंगवलेला काप त्याखाली धरला की जाड तंतू लाल-नारिंगी, बारीक तंतू हिरवट-पिवळे चमकतात. म्हणजे खर्रा खाणाऱ्याचं कोलॅजन कर्करोगाआधीच बदललेलं असू शकतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात रामन वर्णपटाने झालेल्या कामातही तंबाखू खाणाऱ्यांचं वरून धडधाकट दिसणारं अस्तर निर्व्यसनी माणसाहून वेगळं निघालं. तेव्हा या यंत्राला ‘निरोगी’ म्हणजे काय ते शिकवायचं, तर नागपूर-वर्ध्याच्या ऑपरेशन थिएटरांतले, खर्रा खाल्लेल्या गालांचेच नमुने त्याच्यापुढे ठेवायला हवेत.