पाठीवरचे पोते

एक साधे गणित मांडून पाहा. १० टनांच्या ट्रकमध्ये ५० किलोची २०० पोती बसतात. ४ हमाल असतील तर प्रत्येकाच्या पाठीवरून अडीच टन माल जातो. बरे, ५० किलो हीदेखील झगडून मिळवलेली सवलत! पूर्वी पोते १०० किलोचे असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी करार केला, सोबतच्या शिफारशीत पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने त्या करारावर मोहोर उमटवली ती २०१० साली.

पुण्यात हा प्रश्न दवाखान्यातून पुढे आला. नाना पेठेत वैद्यकी करणाऱ्या बाबा आढावांकडे हमाल दुखणी घेऊन येत. पाठीचे दुखणे औषधाने किती दिवस दाबणार? १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी झालेल्या कामगाराला मंडळामार्फत मजुरी मिळू लागली. अपघाताच्या भरपाईचा १९२३ चा कायदाही त्याला लागू करण्यात आला.

पण बाजार समितीच्या आवाराबाहेर काय? नगर रस्त्यावर, सणसवाडीच्या अलीकडे भीमेकाठच्या कोरेगावात, कडेला ट्रक उभा राहतो, फाळका उघडतो, दुकानापर्यंत अरुंद फळी टाकली जाते. माझी नजर हल्ली आधी त्या फळीकडेच जाते. ती ओली असली की पोटात गोळा येतो. पाय घसरला तर हात टेकवावा, तर दोन्ही हात पोत्याचे कान धरण्यात गुंतलेले! शिवाय अंगावरून वाहने धावत असतात. गोदामाला निदान भिंत असते. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकायला असा कितीसा खर्च येतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

माणूस पडला, की पहिला प्रश्न निघतो, हा कोणाचा? दुकानदार ट्रान्सपोर्टवाल्याकडे बोट दाखवतो, ट्रान्सपोर्टवाला ड्रायव्हरकडे. माथाडी मंडळाच्या वहीत नाव असेल, तर त्याचे उत्तर आधीच लिहिलेले असते. टेम्पोसोबत फ्रीज नि कपाटे उतरवायला आलेल्या पोराचे नाव बहुधा कुठल्याच वहीत नसते.